तायडे सरांचे तीन दिवे

तायडे सरांच्या घरी गेलेल्या माणसाला चहाच्या आधी हातात दिवा मिळायचा. "धर. वर. अजून वर. आता हालू नको," असे म्हणून सर मीटर घेऊन खाली वाकायचे आणि पाहुणा, मग तो जावई असो की पोस्टमन, हात उंचावून जिन्याखाली उभा राहायचा. हात भरून आला अशी कुरकुर केली की सर वर न बघताच म्हणत, "दिवा जड नाही बे, तू हलका हायेस."

चिखलीच्या कॉलेजात सर पदार्थविज्ञान शिकवत आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. डोणगावहून आलो तेव्हा मी बारावी नापास होतो. सरांनी मला पुन्हा परीक्षेला बसवले, सोल्डरिंग शिकवले, माणसात आणले. त्याची वसुलीही रोज केली. "गजाननच्या डोक्यात वायरिंग बरोबर हाये, फक्त करंट नाही," हे वाक्य मी प्रत्येक नव्या वर्गासमोर ऐकले. पोरे हसत, त्यांच्यासोबत मीही हसे. सरांच्या हाताखाली टिकायचे तर स्वतःवर हसणाऱ्यांत आपण पहिले असावे लागे.

त्यांचे आवडते वाक्य मात्र वेगळे होते. "डोळा खोटं बोलते. मीटर बोलत नाही." निरोप समारंभात शाल-श्रीफळ बाजूला सारून त्यांनी उजेड मोजायचे मीटर मागून घेतले होते.

एका सहलीत मालवणला त्यांनी काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहिले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केले, "चिखलीले समुद्र आणतो." घरात जागा उरली होती ती जिन्याखाली. जिना मधेच वळत होता, म्हणून टाकीही विळ्यासारखी वळवावी लागली. डावे टोक असे की पाणी आणि वरचा स्लॅब यांत जेमतेम वीतभर अंतर, आणि उजव्या टोकाशी माणूस सरळ उभा राहील इतकी उंची. खामगावचा काचवाला मान हलवत गेला, पण टाकी गळली नाही. कुरियरने मीठ आले. मुंबईच्या एका माणसाकडून ट्रॅव्हल्सने, पाण्याने टम्म फुगलेल्या पिशव्यांतून प्रवाळ आले.

खरी अडचण उजेडाची निघाली. प्रवाळ उजेडावर जगते. सरांनी आधी जिन्याच्या उताराला धरून एकच लांब दिवा लावला. महिनाभरात डाव्या टोकाचे प्रवाळ भाजून चुन्यासारखे पांढरे पडले आणि उजव्या टोकाचे उपाशी राहून आक्रसले. सर उलट खूश झाले. "अंतर दुप्पट, उजेड चवथाई! वर्गात सांगून सांगून घसा कोरडा केला, तवा झोपले व्हते सारे." मग ठरले की तीन वेगळे दिवे वेगवेगळ्या उंचीवर साखळीने टांगायचे. कोणता दिवा कुठे, किती वर, त्यात निळा उजेड किती, हे ठरवण्यात अख्खा हिवाळा गेला. दुकानदाराच्या शब्दावर सरांचा विश्वास नव्हता. प्रत्येक दिवा कुणीतरी हातात धरायचा, आणि मीटरचा डोळा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सरांनी पाण्यात बुडवायचा.

हा कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा निर्मलाकाकू, सरांच्या पत्नी. त्याही त्यांना सरच म्हणत. दिवे टांगून झाल्यावर त्यांना आणखी एक काम लागले. कुणी पाहायला आले की सर काकूंना टाकीसमोर स्टुलावर बसवत आणि विचारत, "निर्मला, सांग, अंधार कुठं हाये?" डोळा कसा खोटे बोलतो याचे ते प्रात्यक्षिक असे.

त्या दिवशी मी होतो, कॉलेजातले आणखी दोघे होते. काकू टाकीच्या वळणाअलीकडच्या, पहिल्या भागासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "तिकडं, डाव्या टोकाले. वळणाशी लख्ख हाये." सरांनी मीटर बुडवून आकडा दाखवला. दोन्हीकडे उजेड सारखा. मग त्यांनी स्टूल उचलून वळणापलीकडे, दुसऱ्या भागासमोर ठेवले. "आता?"

काकूंनी बराच वेळ पाहिले. "आता वळणाशी."

"आत्ताच लख्ख म्हणे न तू तिथं!" सरांनी टाळी वाजवली. "पाहा बे, अंधार हिंडून राह्यला माझ्या घरात! त्याले चहा तरी पाज!"

आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. काकूही पदर तोंडाला लावून हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "पन हाये न, सर. खरंच हाये." ते मी ऐकले. ऐकून आणखी हसलो.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये हा किस्सा मीच 'काकूंचा फिरता अंधारा कोपरा' म्हणून रंगवून सांगितला. तेव्हापासून कुणाचे गणित चुकले, कुणाची हजेरी जुळली नाही, की आमच्याकडे म्हणत, "फिरता कोपरा झाला." इतकी वर्षे सरांनी माझ्यावर पोरांना हसवले होते, कॉलेज माझ्या विनोदावर पहिल्यांदाच हसत होते, आणि मला ते फार गोड लागले.

प्रयोगशाळेत केस पांढरे केलेल्या माणसाला एवढे कळायला हवे होते. टाकीचा भाग बदलला, स्टूल बदलले, बदलले नाही ते एकच. अंधार दर वेळी काकूंच्या डाव्या हाताला होता. त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटून काळानिळा झालेला मी पाहिला होता. "चौकट सरकली काय वं?" असे सरांनी विचारले होते, आणि तेव्हाही मी हसलो होतो.

पुढच्या उन्हाळ्यात काकूंनी उकळता चहा कपाच्या डावीकडे, स्वतःच्या हातावर ओतला. मुलगी त्यांना बुलढाण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. सर आणि मी सोबत होतो. यंत्रात ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचे. कागद निघाला तो अर्ध्याहून जास्त काळा होता. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती राहील सांगता येत नाही, वर्षभर आधी आणले असते तर बरेच वाचले असते. सर तो कागद उलटसुलट करून पाहत राहिले.

घरी आल्यावर ते काकूंवरच खेकसले. "तवा नीट सांगता नाही आलं काय तुले?"

"सांगत व्हती न, सर," काकू म्हणाल्या. "रोज सांगत व्हती."

त्या दिवसानंतर सर काकूंवर हसले नाहीत. काकूंना काही विचारलेही नाही. स्टूल माळ्यावर गेले. टाकी मात्र अशी बहरली की मेहकरपासून लोक पाहायला येत. तीन दिवे जिथे टांगले होते तिथेच बरोबर होते. सर पाहुण्यांना आकडे दाखवत आणि काकू आत स्वयंपाकघरात बसून राहत. एकदा मला म्हणाल्या, "हासत व्हते तेच बरं व्हतं रे, गजू. आता त मले विचारतच नाही." दवाखान्याचे थेंब चालू होते, तरी उरलेला उजेडही दोन वर्षांत गेला.

मागच्या थंडीत सर हृदयविकाराने गेले. मला त्यांचा राग येतो आणि आठवणही येते, दोन्ही एकाच वेळी. मुंबईच्या माणसाने प्रवाळ परत नेले, आणि मुलीने मला दिवे उतरवायला बोलावले.

मधल्या दिव्याची साखळी सोडवताना मला दुसरा हात कमी पडत होता. उजेड हवा म्हणून दिवा चालूच ठेवला होता. भिंत चाचपत काकू आल्या, मी काही म्हणायच्या आत त्यांनी हात वर केला आणि दिवा धरला. उजेड सरळ त्यांच्या तोंडावर पडला. त्यांची पापणी लवली नाही.

"हालला त नाही न?"

"नाही, काकू."

"मंग सांग, अंधार कुठं हाये?"

"कुठंच नाही."

"हे मीटर सांगते, का तू?"

साखळी केव्हाच सुटली होती. दिवा त्यांच्या हातातून घ्यायला हवा होता. मी तसाच उभा राहिलो, आणि त्यांनी हात खाली केला नाही.