मातीचा ओटा

केशवनगरच्या कुंभारवाड्यात सुशीलाबाई तीस वर्षं जमिनीवर ओणवं होऊन माती मळत होत्या. त्या माती मळून देत आणि त्यांचे यजमान हिंमतराव चाकावर बसत. यंदा दिवाळीच्या पणत्या संपल्या आणि सुशीलाबाईंची कंबर धरली, ती सुटेना. डॉक्टरांनी कंबरेला पट्टा दिला आणि मातीकाम सोडायला सांगितलं.

काम थांबलं, पण स्वयंपाक चालूच होता. ओट्याशी उभं राहून कणीक मळताना कंबर दुखत नाही, हे आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी गवंडी बोलावला आणि हात सरळ खाली सोडले की तळवे टेकतील, इतक्या उंचीचा ओटा अंगणात बांधून घेतला.

"आता कुंभारीण उभ्यानं माती मळणार?" हिंमतराव म्हणाले.

"अहो, मी उभी आहे की बसलेय, हे मातीला कुठं कळतंय?"

त्यांनी माती एक दिवस जास्त भिजवली आणि लहान गोळे घेतले. एक पाय पुढे, कोपरं ताठ. मनगटाऐवजी सगळ्या अंगाचा भार मातीवर जाऊ लागला. संक्रांतीची सगळी सुगडं त्याच मातीतून झाली आणि कंबरेचा पट्टा खुंटीवरच राहिला.

सुशीलाबाई डॉक्टरांकडे ताठ चालत गेल्या.

"सोडलं ना काम?" डॉक्टरांनी विचारलं.

"काम नाही, ओणवणं सोडलं."

परतल्यावर हिंमतराव ओट्याशी उभे दिसले. हात सोडून ते अंदाज घेत होते.

"माती मळायला मला चार बोटं उंच लागेल," ते म्हणाले.