लिंब तोडायची मोठी मशीन

झाडं कापायच्या मशीन विकणारा सोलापुरातला तो दुकानदार म्हणजे आमच्या झाडं वाचवणाऱ्या गटाचा जाहीर शत्रू. 'हा धंदा बंद करा' अशी पत्रकं घेऊन मी त्याच्या दारात गेलो, तर आत नातेपुत्याकडचा एक शेळ्या पाळणारा गडी उभा.

"सगळ्यात मोठी द्या."

"कापायचं काय?" दुकानदारानं मिशी कुरवाळत विचारलं.

"शेरडास्नी कडूलिंबाचा पाला पाडायचाय की."

दुकानदारानं बंद मशीन त्याच्या हातात दिली. "खांद्यापतूर उचला आन् धरून ठिवा."

मिनिटभरातच गड्यानं ती खाली टेकवली.

"झाडावर चढून ही चालवनार? पाय जाईल, मामा. लिंबबी जाईल. मोठी मशीन घरात आली की मानूस झाडं हुडकत फिरतो."

"मग मोबाईलवरनं मागवतो!"

"मागवा की. तितं कोन इचारतंय तुमाला?"

मामा कुरकुरले, पण शेवटी बांबूला बांधायची हातकरवत घेऊन गेले.

मी पत्रक न देताच परतलो. आमची मागणी मान्य होऊन हे दुकान बंद झालेलं असतं, तर तो लिंब आम्हीच पाडला असता.