पॅड धरणारी

संध्याकाळचे सहा वाजत आले की माझे खांदे दुखायला लागतात, पॅड हातात चढवायच्या आधीच. दिवसभर कार्यालयात आवक-जावक लिहायची, घरी येऊन चहा ठेवायचा, आणि चहा संपायच्या आत नवरा जिन्यातून विचारतो, येतीस का. मग गच्चीवर जायचं आणि तापलेल्या फरशीवर उभं राहून नवऱ्याचे ठोसे झेलायचे. बायकांना सांगितलं की त्या हसतात. पहिली दोन वर्षं मीही हसायचे.

नवरा व्यावसायिक बॉक्सर आहे. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते, घरात 'अहो'च. दिवसा एका शाळेत तासिकेवर खेळ शिकवतो, आणि वर्षातून एखादी, फार तर दोन लढती मिळतात, कधी पुण्याला, कधी हैदराबादला. त्याचा कोच पुण्यात. तो फोनवर व्हिडिओ बघून चुका सांगतो. पण फोनला पॅड धरता येत नाही. परभणीत दुसरं कुणी मिळेना, तेव्हा नवरा मला पंधरा दिवस धर म्हणाला होता. त्या पंधरा दिवसांना आता सहा वर्षं झाली.

लोकांना वाटतं, बॉक्सर म्हणजे दिवसभर कुणाला तरी मारत असतो. तसं काही नसतं. पहाटे वसमत रोडनं धावायचं, मग दोरी, मग आरशासमोर हवेत ठोसे, मग गच्चीवरची बॅग. ती बॅग आम्हीच भरली आहे, जुने कपडे आणि सरकी घालून. सरकी हळूहळू खाली बसते आणि तळ दगडासारखा होतो, म्हणून महिन्यातून एकदा बॅग उतरवून उलटी टांगावी लागते. तेही काम माझ्याच गळ्यात पडलेलं आहे.

शेवटी पॅड. तीन मिनिटं झेलायचं, एक मिनिट थांबायचं. पण झेलणं हे अर्धंच काम. त्यानं तीनचार ठोसे मारले की मी डाव्या हातातला पॅड गर्रकन त्याच्या डोक्यावर फिरवायचा, आणि त्यानं हात हनुवटीशी आणून त्याखालून निसटायचं. समोरचा माणूस उलटून मारणार आहे, हे अंगात मुरावं म्हणून. पॅड फिरवत नसेल तर ती बाई नाही, भिंत आहे, असं कोच मला पहिल्याच दिवशी फोनवर म्हणाला होता. मला त्याचा राग आला होता, पण तो बरोबर होता.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी जिम निघालं. मालकानं सांगितलं, वजनं उचला, ठोशात ताकद येईल. नवऱ्यानं दोन महिने नुसती छाती आणि दंड केले. शर्ट शिवणीत उसवायला लागले, सासूबाई खूश झाल्या. माझ्या तळव्याला मात्र वेगळंच कळत होतं. आधी ठोसा बसला की हात चुरचुरायचा, आता नुसता मागे ढकलला जायचा, ठोशातला झटका गेला होता. मी तसं सांगितलं, तर नवरा तुला त्यातलं काय कळतंय म्हणाला. मी दोन दिवस पॅडला हात लावला नाही. आठवड्यानं कोचनं व्हिडिओ बघून अगदी तेच सांगितलं, तेव्हा मात्र त्यानं मान डोलावली. माझंच बोलणं पुण्याहून आलं की पटतं.

कोचनं मग सगळं बदललं. दंड सोड, पाय आणि पाठ धर. स्क्वॉट, डेडलिफ्ट, जड पण मोजक्या वेळा, आठवड्यातून दोनदा, बस्स. ठोसा हातातून निघत नाही, टाचेतून निघतो आणि कमरेतून वर येतो, असं तो म्हणाला. दोनतीन महिन्यांत माझ्या मनगटानं साक्ष दिली. आजही कुणी विचारलं, वजनं उचलून बॉक्सरला फायदा होतो का, तर मी हो म्हणते.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. नवऱ्यानं पस्तिशी ओलांडली होती. एका संध्याकाळी माझा पॅड त्याच्या कानाला लागला. इतक्या वर्षांत कधी लागला नव्हता. डोळ्यात घाम गेला म्हणाला. दुसऱ्या दिवशी परत लागला. तिसऱ्या दिवशी माझा हात हळू फिरला. मी ठरवलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसासोबत चालताना पाऊल आपोआप आखडतं, तसं झालं. तो खालून निसटला आणि खूश झाला. मग मी रोजच हळू फिरवायला लागले.

प्रेमानं केलं असं म्हणता येईल, पण खरं सांगायचं तर मी थकले होते. खरं बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि दिवसभर खुर्चीत बसून आल्यावर भांडायचं बळ माझ्यात नव्हतं. तिकडे जिममध्ये तो पूर्वी कधी नव्हे इतकं वजन उचलत होता. पोरांना सांगायचा, वजनं उचलून माणूस जड आणि संथ होतो हे खोटं आहे, माझंच बघा. जेवताना मलाही तेच ऐकवायचा. मी भाकरी वाढत हूं म्हणायचे.

मग हैदराबादची लढत ठरली. समोरचा पोरगा तेवीस वर्षांचा. नवऱ्यानं मला त्याचा व्हिडिओ दाखवला आणि तो आंघोळीला गेला. मी ओट्याशी उभी राहून तो तीनदा पाहिला, दूध उतू गेलं तरी कळलं नाही. त्या पोराचा डावा हात बाजूनं यायचा, माझ्या पॅडसारखाच, आणि कुणासाठी हळू व्हायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मी पॅड पहिल्यासारखा फिरवला. तो कानशिलावर बसला. नवरा हसला, परत फिरव म्हणाला. परत बसला. तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा तो हसला नाही. हात खाली सोडून माझ्या हाताकडे बघत राहिला. तीन मिनिटांची फोनमधली घंटा वाजली तरी कुणी हललं नाही.

मग तो टाकीच्या कट्ट्यावर बसला, ग्लोव्ह्ज काढले आणि रोजच्यासारखा हात पुढे केला. मी त्याच्या हाताला गुंडाळलेली पट्टी सोडायला लागले.

"कधीपासून हळू मारायलीस?"

"दिवाळीपासून."

पट्टी पुरी सुटली. मग त्यानं दुसरा हात पुढे केला.

"अन् मला वाटायलं होतं, वजनं उचलून मी चपळ झालो."