मंगळवारची रात्र

माझ्या मामांची दशावतारी नाटकांची कंपनी आहे. तुळशीची लग्नं लागली की जत्रा सुरू होतात, आणि तिथून उन्हाळ्यापर्यंत त्यांची माणसं रोज नव्या गावच्या देवळापुढे उभी असतात. कुठल्या रात्री कुठलं गाव, हे मामांच्या डोक्यात असे. गावचा माणूस नारळ घेऊन घरी येई, पडवीत बसे, चहा होई, पंचांग उघडलं जाई. तिथी बघून वार ठरला की नारळ देव्हाऱ्यात जाई. एवढ्यावर काम भागत होतं, आणि तेच मला खुपत होतं.

मी नांदगावला राहतो आणि पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरी बसून मोबाइल ॲपचे स्क्रीन तयार करतो. ॲपमध्ये जे डोळ्यांना दिसतं आणि बोटाखाली येतं ते माझं काम. एकदाच लिहायचं आणि ते अँड्रॉइडवर व आयफोनवर सारखंच चाललं पाहिजे. मला मोजमापाची आवड आहे. बटण चार ठिपके डावीकडे सरकलं तरी माझ्या लक्षात येतं आणि ते सरळ होईपर्यंत जेवण गोड लागत नाही.

मामांसाठी ॲप मी हौसेने केलं. पहिल्या वर्षी त्यात दोनच रकाने होते: गाव कुठलं, आणि प्रयोग कधी. ‘कधी’पुढे लोक मनाला येईल ते लिहीत. ‘पुनवेक’, ‘मंगळवारी पालखी झाल्यार’, ‘गेल्या वर्षीसारख्याच’. मामा वाचत, हसत, आणि त्यांना कळे. ॲपला कळत नसे. अशा मजकुराची क्रमवारी लागत नाही, कुठली रात्र मोकळी हे दाखवता येत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षी मी सुधारणा केली. मोकळा रकाना काढून तिथे तारीख निवडायचं कॅलेंडर आणि वेळ निवडायचं घड्याळ बसवलं. अँड्रॉइडवर ते घड्याळ गोल तबकडीचं येतं, आयफोनवर फिरत्या चाकांचं. ते मला पटेना. आठवडाभर खपून दोन्हीकडे एकसारखं केलं. मग मामांना म्हटलं, “आता नारळ घेऊन कोणी यायची गरज नाही. तेवढी खेप वाचली.”

“खेप वाचली ती बरी,” मामा म्हणाले. “पण इल्यार चाय पियत होते रे.”

माझी बायको शाळेत शिकवते. तिला मी नवा स्क्रीन दाखवला. तिने एकच विचारलं, “काय ओ, पालखी फिरून नाटक सुरू होता साडेबारा-एकाक. मग वार खयचो घालूचो?”

मी तिला समजावलं, की बारा वाजले की तारीख बदलते, तेव्हा मंगळवारच्या जत्रेचं नाटक खरं तर बुधवारी होतं.

“ह्या तुमका कळला. गावाक?”

मग मी घड्याळाखाली बारीक करड्या अक्षरांत एक ओळ टाकली: ‘रात्री बारानंतरच्या प्रयोगासाठी पुढची तारीख निवडा.’ माझ्या हिशेबी प्रश्न मिटला.

त्या हंगामात एका सोमवारी मी मामांबरोबर निघालो. फोंडाघाटच्या अलीकडचं गाव. तिथली जत्रा पिढ्यान्‌पिढ्या मामांच्या घराण्याकडे. मी का गेलो, तर ॲप किती सोपं आहे हे लोकांच्या तोंडून ऐकायला. दिवेलागणीला गाडी देवळापुढे थांबली. मंडप नाही, पताका नाहीत, खाज्याचं एकही दुकान नाही. नटांनी कपड्यांचा आणि मुखवट्यांचा पेटारा उतरवला. एक बाई देवळात दिवा लावून बाहेर येत होती, ती तो बघून थांबली.

“आज कित्याक इलास? जत्रा फाल्या मां!”

जत्रा उद्या होती. राक्षसाचं काम करणारा नट म्हणाला, “बरा झाला. जन्मात पयल्यांदाच आपण वेळेआधी इलाव.”

स्त्रीपार्टी नट माझ्याकडे वळला. “भाचेबुवा, तुमच्या फोनात बघा वायच. जत्रा खयच्या खिशात पडली ती.”

सगळे हसले. मामा हसले नाहीत. मंगळवारची रात्र त्यांनी खारेपाटणच्या बाजूच्या एका गावाला दिली होती. तिथे देवळाचा वर्धापनदिन होता. यंदा इथून नारळ आला नव्हता, पंचांग उघडलं गेलं नव्हतं; ॲपमध्ये ती रात्र मोकळी दिसली, म्हणून शब्द दिला. आता रात्र एक, कंपनी एक आणि गावं दोन. दिलेला शब्द मामांनी आजवर मोडला नव्हता.

मी फोन काढून नोंद बघितली. इथल्या माणसाने तारीख मंगळवारची निवडली होती आणि वेळ रात्रीचे साडेबारा. घड्याळाच्या हिशेबाने मंगळवारचे रात्रीचे साडेबारा म्हणजे सोमवारची मध्यरात्र उलटून अर्धा तास. त्यामुळे ॲपने प्रयोग सोमवारच्या रात्रीत टाकला आणि मंगळवारची रात्र मोकळी ठेवली. ॲप बरोबर होतं. लिहिताना मान खाली जाते, पण त्या क्षणी मला हायसं वाटलं. मामा देवळाच्या पायरीवर बसले होते. मी त्यांना म्हटलं, “मामा, चूक त्यांची आहे. खाली स्पष्ट सूचना दिलीय.”

तेवढ्यात नोंद करणारा मानकरी धावत आला. मी त्याच्यापुढे फोन धरून ती करडी ओळ दाखवली आणि ऑफिसातल्या मराठीत विचारलं, “हे वाचलं नाही का तुम्ही?”

“वाचलंय तर,” तो म्हणाला. “चष्मो लावन वाचलंय. पण जत्रा मंगळवारची. मी बुधवार कसो घालू? देवाचो दिवस मी बदलू?”

तो चिडला नव्हता. मी असं का विचारतो आहे, हेच त्याला कळत नव्हतं. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो हे मला लहानपणापासून माहीत आहे. मामांच्या पडवीत तेच पंचांग उघडलं जायचं. पहाटेपर्यंत चालणारं नाटक या माणसाच्या लेखी सगळंच्या सगळं मंगळवारचं होतं. मी त्याच्या जत्रेतून मध्यरात्रीची रेघ ओढली होती, आणि त्याने ती पाळली नाही म्हणून त्याचीच उलटतपासणी घेत होतो.

मामांनी गाडीत बसून दुसऱ्या कंपन्यांना फोन लावले. हंगामात कोण मोकळं असणार? शेवटी ते म्हणाले, “जत्रा मोडूक जमाचा नाय. सकाळी खारेपाटणाक जाऊया. तोंडान सांगाक होया.”

मंगळवारी सकाळी आम्ही दोघे त्या गावी गेलो. मंडप बांधून झाला होता, मामांच्या कंपनीचा फलक रस्त्यावरूनच दिसत होता. मुंबईला असलेली गावची माणसं येऊन पोचली होती. देवस्थान समितीचे अध्यक्ष, मामांच्याच वयाचे, हसत पुढे आले. मामांनी त्यांच्या हातात नारळ ठेवला.

“आज येवक जमाचा नाय,” मामा म्हणाले. “तारीख माझ्याकडना चुकली. म्हातारपण.”

मी शेजारी उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी ते तोंडात जुळवलंसुद्धा, आणि गिळलं.

अध्यक्ष नारळाकडे बघत राहिले. “आता लोकांका मी काय सांगू, मालकानू?”

“माझा नाव सांगा.”

मंडप बांधणाऱ्यांपैकी कोणीतरी मागून म्हणालं, “म्हाताऱ्याक आता घराक बसवा.” मामांना ते ऐकू गेलं. मलाही. मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो. निघताना अध्यक्ष, बहुधा काहीतरी बरं बोलून निरोप द्यावा म्हणून, माझ्याकडे वळले. “ॲप मात्र तुझा बरा आसा हां. एकदम सोपा.”

मी “हो” म्हटलं.

परतताना मामांनी तो विषय काढला नाही. नांदगावच्या फाट्यावर मला उतरवताना विचारलं, “सांजेक येतलंस मां जत्रेक?” मी काम आहे म्हणून सांगितलं. काम काहीच नव्हतं.

त्याच दुपारी मी ते घड्याळ काढून टाकलं. आता स्क्रीन विचारतो, जत्रा कुठल्या दिवसाची, आणि नाटक पालखीआधी की पालखीनंतर. उजाडेपर्यंत दिवस तोच. ज्याला आठवडा घातला ते काढायला एक दुपार पुरली. पण खारेपाटणच्या बाजूच्या त्या गावात मामा विसरभोळे म्हातारे ठरले होते, ते काही या दुरुस्तीने बदलणार नव्हतं.

महिन्याभराने मी एकटा तिकडे गेलो. अध्यक्ष अंगणात सुपाऱ्या सोलत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की तारीख मामांची चुकली नव्हती, माझ्या ॲपने चुकवली होती.

“बस वायच,” ते म्हणाले. “माका ठावक होता. तुझो मामा तारीख चुकणारो माणूस नाय.”

“मग तुम्ही त्या दिवशी बोलला नाहीत ते?”

“मी कित्याक बोलू? तो तुका झाकी होतो. मी उघडो करू?” त्यांनी हातातली सुपारी टोपलीत टाकली. “पण तू कित्याक गप रवलंस?”

“लाज वाटली.”

“महिनोभर?”

मी बसलो. त्यांनी आतून चहा मागवला. तो येईपर्यंत ते सोलत राहिले, आणि मग म्हणाले, “फुडल्या वर्षी आमी नारळ घेवन येतलव की नाय, ता माका एकट्याक सांगता येवचा नाय. समिती आसा. पण इलाव, तर मामाच्या पडवीत तू बसलेलो होयो. आता माका सांगितलंस तसा सगळ्यांका सांग.”

यंदाची तुळशीची लग्नं जवळ आली आहेत. मी सुट्टी टाकली आहे आणि सकाळीच मामांच्या पडवीत येऊन बसतो. गावं ॲपमध्ये नोंद करतात, आणि बरीचशी पुन्हा नारळ घेऊनही येतात. तसं मीच त्यांना कळवलं. मामांना वाटतं, भाचा सोबतीला येतो. अध्यक्षांकडे जाऊन आलो हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. ते आतल्या बाजूला ओरडून चहा ठेवायला सांगतात, आणि रस्त्यावर गाडी थांबली की मी फाटकाकडे बघतो. काल दोन गावांची माणसं येऊन गेली. खारेपाटणच्या बाजूचं कोणी नव्हतं.