एसीच्या वायरी आणि माझा खोकला

पांढरकवड्याला हायवेवर आमचं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत संसार. नवरा कामाला पक्का, पण लाल आणि हिरवा रंग त्याला सारखाच दिसायचा. वायरिंगवाल्याला रंग कळत नाहीत म्हटल्यावर गाडी कोण आणणार? म्हणून ही गोष्ट आम्ही दोघांनी पोटातच ठेवली होती. गिऱ्हाईक चहाला गेलं की मी बाहेर येऊन रंग सांगायचे. ते हललंच नाही तर दारात भाजी निवडत बसायचे. वायरीची दोन टोकं त्याने जवळ धरली आणि रंग जुळत नसले, की खोकायचे.

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला आणि उंदीर माजले. मारेगावच्या एका टॅक्सीवाल्याच्या गाडीत त्यांनी एसीच्या पॅनेलमागे कापसाचं घरटं केलं आणि कनेक्टरजवळच्या साऱ्या वायरी कुरतडल्या. टॅक्सीवाला आमचं जुनं गिऱ्हाईक. त्या दिवशी चहा नको म्हणाला आणि स्टूल ओढून गाडीपाशीच बसला. मग मी दारात भाजी घेऊन बसले.

कोणती पिन कशाची, हे नवऱ्याला तोंडपाठ. टेस्ट लॅम्प लावून करंटची, अर्थिंगची, ब्लोअरची अशा वायरी त्याने पटापट जोडल्या. मला जरा अभिमानच वाटला. मग उरल्या चार, त्यांत करंट नाही, त्या रंगावरूनच जुळवायच्या. लाल, हिरवी, हिरव्या रेघेची लाल आणि लाल रेघेची हिरवी. हे रंग ज्याने ठरवले त्याला एकदा आमच्या उन्हात आणून बसवावं. त्यांतली एक कॉम्प्रेसरची, एक सेन्सरची. अदलाबदल झाली की पॅनेल जळालंच.

नवऱ्याने टोकं जुळवली. मी खोकले. दुसरी धरली. पुन्हा खोकले. तिसऱ्यांदा खोकले तेव्हा घसा खरंच खवखवायला लागला होता.

टॅक्सीवाला वळून म्हणाला, "वहिनी, किती खोकसान? जवळ येऊन सांगा नं. यायले लाल-हिरवं समजत नाही, हे मले केव्हाचं मालूम हाय."

मी भाजी खाली ठेवली. डॅशबोर्डाखालून नवऱ्याने डोकं बाहेर काढलं.

"मग गाडी इथं काहून आणता?" मी विचारलं.

"दुसरीकडं एकटा मिस्त्री पाह्यते. इथं तुमी दोघं पाह्यता."

मी गाडीपाशी गेले. नवऱ्याने वायरीचं एक टोक माझ्यापुढे धरलं.

"हे कोनती वं?"

गिऱ्हाइकासमोर त्याने मला असं कधीच विचारलं नव्हतं.

"हिरवी," मी मोठ्याने सांगितलं.