दीड बोटाचं तोंड आणि अख्खा लाडू

अख्ख्या वारज्यात माझ्याएवढं तोंड कुणाचं चालत नाय. फक्त ते दीड बोटाच्या वर उघडत नाय, एवढंच.

भुताखेतावर माझा कधी विश्वास नव्हता. अमावस्येला रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर उचलून सरबत करणारा माणूस मी. आणि शाळेचं म्हणाल, तर चौथीत मास्तर दमले. म्हणून हे मोबाईलला बोलून सांगतोय… तो लिहितोय. चुकलं तर त्याला बोला.

माझं रिक्षाच्या सीट कव्हरचं दुकान हाय. लग्नाआधीपासून गुटखा खायचो. सोडला, पण उशिरा. तोवर गालाचं आतलं कातडं असं कडक झालं, की बोट फिरवलं तर दोऱ्या लागतात. डेंटल कॉलेजातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "काका, चांगल्या तोंडात तीन बोटं उभी मावतात. तुमच्यात दीड."

म्हटलं, "बायकोला विचारा, तिला तेवढंपण जास्त वाटतं."

मॅडम हसल्या नाहीत. गालात इंजेक्शनं दिली. आईस्क्रीमच्या काड्यांची चळत दातात धरून बसायचं, हळूहळू एकेक काडी वाढवायची, असा व्यायाम दिला. मला कळतं ना ते… नवं रेक्झिन ओढलं की ताणतं, सोडलं की जागेवर येतं. जुनं ओढलं की टर्रकन फाटतं. माझे गाल म्हणजे भंगारात निघालेल्या रिक्षाचं रेक्झिन. इंजेक्शननं जरा नरम पडले, पण ताण कुठला यायला! वडापाव कुस्करून खायचा, पाणीपुरी नुसती बघायची.

मग आमच्या पोरीचं, पिंकीचं जमलं. पोरगा वाघोलीत राहतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत हाय. मंडळी मूळची यवतमाळकडची. बैठकीत पोराचे वडील सरळच बोलले, "आमची एकच अट. माझा धाकटा भाऊ खर्रा खाऊन तोंडाच्या कॅन्सरनं गेला. व्यसनी घराशी सोयरीक नको."

मी मान डोलवली. सोडलाय हे खरंच होतं… पण माझं तोंड बघितल्यावर ते कोण ऐकणार? आणि पिंकी तर त्या पोरावर जीव टाकून बसलेली. बायको म्हणाली, "अहो, साखरपुडा होईपर्यंत तोंड उघडू नका."

"उघडतंय कुठं?"

साखरपुडा धायरीच्या एका हॉलमध्ये होता, भर दुपारी. मी सगळ्यांकडं बघून बंद तोंडानं हसतोय. तेवढ्यात पोराची आजी उठली. फार म्हातारी, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाय. म्हणे, पोरीच्या बापाला मी माझ्या हातानं लाडू भरवणार. बुंदीचा. आणि अख्खा… त्यांच्यात शुभाचा लाडू मोडत नाहीत म्हणे.

लाडू माझ्या मुठीएवढा. सगळ्यांचे मोबाईल वर. फोटोवाला ओरडतोय, "काका, मोठ्ठा आ करा!" बायकोनं डोळेच मिटले. पिंकी पांढरीफटक. मी म्हटलं, झालं — पोरीचं लग्न बापाच्या गालात अडकलं.

आजीला माझं तोंड सापडेना, म्हणून तिनं डावा हात माझ्या चेहऱ्यावर फिरवला. गालावर आला आणि थांबला. तिनं बोटांनी दाबून बघितलं. तिचा चेहराच बदलला… मी ओळखलं, हिला कळलं. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "आ कर, बाप्पा."

आणि उघडलं.

मी उघडलं नाय हो, ते उघडलं! उन्हात टाकलेलं रेक्झिन हाताखाली कसं सैल होत जातं, तसं. दुखलं नाय. त्या दोऱ्या जणू कधी नव्हत्याच. अख्खा लाडू आत गेला, आजीची बोटंपण दातांना लागली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. लोकांना वाटलं, बाप हळवा झाला… अहो, एवढं मोठं काहीतरी आपल्याच थोबाडात घडतंय, आणि आपण नुसते खांबासारखे उभे!

आजीनं हात काढला. मी चावलं, गिळलं, पंगतीला बसलो… आणि पुरीचा घास आत जाईना. परत दीड बोट.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो. मॅडमनी मोजलं… दीड. बॅटरी मारून बघितलं, कुठं फाटलेलं नाय, रक्त नाय, ओरखडा नाय. मग मी साखरपुड्याचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी मागं घेऊन घेऊन बघितला.

"काका, एडिटिंग कुणाकडून केलंत?"

"मॅडम, मला अलार्म लावता येत नाय."

तेव्हा त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "हे स्नायू आखडण्यातलं नाही, की एकदम सुटेल. आत घट्ट जाळं तयार झालंय. एवढं उघडलं तर ते फाटायलाच हवं. आणि न फाटता सैल झालं असेल, तर लगेच पुन्हा कडक कसं झालं?" त्यांनी सरांना बोलावलं, सरांनी अजून मोठ्या सरांना. ते सगळे माझ्या तोंडात बघत बसले, मी छताकडं.

लग्नाआधी मला राहवेना. वाघोलीला गेलो. आजी गॅलरीत मेथी निवडत बसली होती, एकटीच. पाया पडलो. म्हटलं, "आजी, काय केलंत तुम्ही?"

"म्या काय करू? माह्या लहान्याचे गाल असेच झाले होते. शेवटी शेवटी चमचाबी आत जाये नाही. घास घेऊन बसो मी रोज… आ कर बाप्पा, आ कर बाप्पा. त्याचं नाही उघडलं." तिनं मेथीची एक काडी खुडली. "तुयं उघडलं."

मी पण खाली बसून मेथीची एक काडी उचलली. खुडता खुडता विचारलं, "आजी… माझ्या गालाचं व्याह्यांना कळलं तर?"

"म्या त्याच दिवशी सांगतलं माह्या पोराले. पोरगी पाहून सोयरीक केली आम्ही, तुयं थोबाड पाहून नाही."