रूपालीच्या अर्जाला डावा कौल

सुर्ला गावातल्या रूपालीच्या घराच्या मागच्या दारातून खाणीच्या टाकाऊ मातीचा डोंगर दिसतो. त्यावर कुणीतरी परदेशी अकेशिया लावून ठेवलाय. लोक तो तोडून चुलीत घालतात. रूपालीला लहानपणापासून वाटायचं, या लाकडाचं टेबल का होऊ नये? वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन तिनं ठरवलं, परराज्यात वनशास्त्र आणि काष्ठ तंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.ला अर्ज करायचा. मुदत शुक्रवारपर्यंत.

इतकी साधी गोष्ट! पण घरात थोरले काका होते, कृष्णनाथ. देवाला विचारल्याशिवाय ते काही होऊ देत नसत. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं; उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावोगाव चालतं, त्याला हरकत नाही. हरकत आहे काकांच्या गाऱ्हाण्याला. "महाराजा, पोर लग्नाचं वय सोडून परमुलखात रानोमाळ भटकायला निघालीय. पाठवायची काय?"

असं विचारल्यावर देव तरी काय करणार? डावी पडली.

"काका, मी शिकायला निघालेय, भटकायला नाही," रूपाली देवळाच्या पायरीवरच म्हणाली.

"देवापुढे वाद घालू नको गो."

"वाद तुमच्याशी घालतेय. तुमचा सिद्धेश बोटीवर गेला तेव्हा लावलात कौल?"

"त्याचं तिकीट आलं होतं. वेळ कुठे होता?"

बोटीवर भांडी घासायला गेलेल्या मुलाचे पेढे वाटले होते या घरानं! घरी येऊन काकांनी फणसाच्या कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला अडकवली. आत घरची कागदपत्रं, त्यांतच रूपालीच्या गुणपत्रिका. अर्जाला मूळ प्रतीच स्कॅन करून जोडायच्या होत्या. तिनं बुधवारी मागितल्या, गुरुवारी मागितल्या.

"शनिवारी देतो," काका म्हणाले. मुदत म्हणजे काय, हे या माणसाला पुरेपूर कळत होतं.

शुक्रवारी दुपारी रूपाली कपाटासमोर उभी राहिली. "कुलूप भक्कम आहे. पण बिजागऱ्या बाहेरून आहेत."

"हात लावून बघ!" काका आरामखुर्चीतून ओरडले.

तिचे बाबा, पांडुरंग, खनिजाचा ट्रक चालवायचे. थोरल्या भावापुढे त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. ते उठले. पोरीला दटावतील असंच सगळ्यांना वाटलं. पण ते हत्यारांच्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर घेऊन आले.

"पांडू, देवाचा कौल मोडतोस?"

"गुणपत्रिका कोंडून ठेवा, असं देवानं सांगितलं नव्हतं, दादा. त्या तिच्या आहेत. तिनं कमावल्यात."

गंजलेले स्क्रू करकरत निघाले. दार कुलपाला लोंबकळत राहिलं. बापलेक स्कूटरवरून थेट डिचोलीच्या बाजारात. दुकानातल्या संगणकावर अर्ज भरताना पालकाच्या व्यवसायापाशी रूपाली थबकली. खाण बंद पडून वर्षं झाली होती.

"ड्रायव्हर लिही," बाबा म्हणाले. "लायसन आहे माझं अजून."

अर्ज गेला. पुढचं कॉलेज ठरवील. पण पदवीधर मुलीला स्वतःच्या गुणपत्रिकांसाठी घरातलं कपाट खोलावं लागतं, आणि वर शेजारीपाजारी म्हणतात, पोर उद्धट निघाली. निघू दे! तिच्या काकांना कुणी उद्धट म्हटल्याचं मात्र ऐकिवात नाही.